टोपी बघा, पण चाकालाही विचारा

‘टोपी घालणं’ या वाक्प्रचाराचा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. जुन्या मोटारींच्या बाजारात तो अगदी शब्दशः लागू पडतो. मोटारीच्या चाकाच्या मधोमध जी चकचकीत वाटी बसवलेली असते तिला गॅरेजवाले ‘व्हील कॅप’ म्हणतात. मी साधं ‘टोपी’ म्हणतो. जुनी गाडी विकायला काढणारा गृहस्थ इंजिनाला हात लावायच्या आधी काय करतो, तर कुठून तरी चार टोप्या पैदा करतो आणि घासूनपुसून चाकांना बसवतो. गाडी एकदम चार पावलं पुढे सरकल्यासारखी दिसायला लागते. त्या टोप्या त्याच गाडीच्या आहेत का, हे विचारायचं काम घेणाऱ्याचं. ते कसं विचारायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

माझी पात्रता काय, असं कुणी विचारलं तर मी मोटारवाला नाही. वागळे इस्टेटमधल्या एका प्रेस शॉपमध्ये मी नोकरी केली. पत्र्याची चकती डायवर ठेवायची, वरून प्रेस उतरायचा आणि खालून वाटी बाहेर पडायची, हे मी आयुष्यभर पाहिलं. त्यामुळे रस्त्यावर जुनी गाडी दिसली की लोक तिच्या नाकाकडे बघतात आणि माझी नजर चाकाकडे जाते. त्यात राहायला माजिवड्याला. नाशिककडे जाणारा जुना आग्रा रोड, घोडबंदरचा रस्ता आणि पूर्व द्रुतगती महामार्ग इथे एकमेकांना भेटतात. आता वर उड्डाणपूल आणि मेट्रोचे खांब आहेत, पण पावसाळ्यातले खड्डे आहेत तिथेच आहेत. खड्ड्यात चाक आदळलं की टोपी उडते, गडगडत गटाराच्या कडेला जाऊन पडते. पंक्चरवाला ती उचलतो आणि दुकानाच्या फळीवर खिळ्याला अडकवून ठेवतो. माझा संग्रह म्हणाल तर त्याची सुरुवात अशा खिळ्यांवरूनच झाली.

बोलताना चित्र दाखवता येत नाही, म्हणून आधी टोपी मुळात कशासाठी आली ते सांगतो. अगदी सुरुवातीच्या मोटारींची चाकं बैलगाडीसारखी लाकडी आऱ्यांची होती. मधल्या तुंब्यात बेअरिंग आणि त्यात ग्रीस. ते ग्रीस बाहेर येऊ नये आणि धूळ आत जाऊ नये म्हणून वर पितळेचं, आट्यांचं झाकण पिळून बसवत. ही पहिली टोपी. ती शोभेची नव्हती, कामाची होती. दाखवायला एवढीशीच जागा, म्हणून कंपनीनं आपलं नाव तिथे कोरलं. अमेरिकेच्या पॅकार्ड गाडीच्या टोपीतला लाल षटकोन इतका प्रसिद्ध झाला की नाव वाचायची गरजच उरली नाही.

पुढे पत्र्याची चाकं आली. ग्रीसचं झाकण आत गेलं आणि तुंबा व नट झाकण्यापुरती वरून दाबून बसवायची वाटी आली. अमेरिकन लोक या छोट्या वाटीला गमतीनं कुत्र्याची थाळी म्हणतात. मग कुणाला वाटलं की रंगवलेल्या चाकावर एक चमकदार कडंही हवं, म्हणून वेगळी रिंग आली. शेवटी सगळं चाकच झाकणारी मोठी परात आली, तिला व्हील कव्हर म्हणायचं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या पराती इतक्या सजल्या की त्यांना पंख फुटले. हे बाहेर आलेले पंख माणसांना लागतात म्हणून तिथल्या सरकारनं १९६८ पासून त्यांवर बंदी घातली.

आपल्याकडे, म्हणजे मुंबईच्या परिसरात, हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा आहे आणि त्याला कारण आहे. जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. फोर्डचंही जोडणीचं काम मुंबईत होतं. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. या गाड्या अमेरिकेच्या क्रायसलर घराण्यातल्या: डॉज, प्लिमथ आणि डिसोटो. गोम इथेच आहे. परदेशांत पाठवायच्या गाड्यांसाठी क्रायसलरनं एक युक्ती केली होती. सांगाडा आणि बॉडी प्लिमथची, आणि पुढची जाळी, नावाची अक्षरं, चाकाच्या टोप्या तेवढ्या बदलायच्या. एकीला म्हणायचं प्लिमथ सॅव्हॉय, दुसरीला डॉज किंग्जवे, तिसरीला डिसोटो डिप्लोमॅट. एकाच कापडाचे तीन सदरे शिवून कॉलर तेवढी वेगळी लावावी, तसला हा प्रकार. आता अशा गाडीची जाळी अपघातात गेली, अक्षरं चोरीला गेली आणि टोप्या खड्ड्यात गेल्या, तर ती गाडी कोण?

हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली, चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या पाटीवर नोंदवता येते. शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, पण भंगारात जाण्यापासून वाचते. टोपी चुकीची म्हणून कुणी नोंदणी नाकारणार नाही. पण चुकीच्या टोपीमुळे गाडीचं नाव चुकतं, नाव चुकलं की कागद आणि गाडी जुळत नाहीत असा संशय येतो, आणि संशयातल्या गाडीला गिऱ्हाईक वजनावर भाव देतं.

बाळकुमच्या बाजूला एका घरी हेच घडता घडता राहिलं. आजोबांची गाडी बरीच वर्षं आंब्याखाली ताडपत्रीत होती. घरात तिला सगळे ‘डॉज’ म्हणत, आर.सी. बुकातही डॉज. एक खरेदीदार आला, त्यानं चाकाकडे बोट दाखवून सांगितलं, ‘टोप्यांवर प्लिमथ लिहिलंय, तुमची कागदपत्रं दुसऱ्याच गाडीची आहेत,’ आणि भंगाराचा भाव सांगून गेला. नातू माझ्याकडे आला. म्हणाला, ‘काका, आजीला खरं काय ते कळू दे, मग गाडी राहू दे नाहीतर जाऊ दे.’

आम्ही गेलो. चार चाकं. दोन टोप्यांवर प्लिमथ, एक टोपी कोरी, चौथ्या चाकाला टोपीच नाही. मी नेहमीप्रमाणे टोप्या बाजूला ठेवून चाकापासून सुरुवात केली. गाडीच्या डाव्या बाजूचे बोल्ट बघितले. माथ्यावर ‘एल’ अक्षर. ते उलट्या आट्यांचे, म्हणजे आपण घट्ट करतो त्या दिशेनं सुटणारे. क्रायसलर घराण्यात डावीकडच्या चाकांना उलट्या आट्या देण्याची पद्धत अनेक वर्षं होती. त्यावरून घराणं पटलं. पण तिघी बहिणींची चाकं सारखीच, त्यामुळे बोल्ट आडनाव सांगतो, नाव नाही सांगत.

मग रिमचा रंग. टोपीच्या कडेखाली उन्हापावसापासून वाचलेली रंगाची एक गोल पट्टी राहते, बांगडी काढल्यावर मनगटावर दिसते तशी. प्लिमथच्या टोप्या काढल्यावर खाली दोन वर्तुळं दिसली. एक त्यांचं स्वतःचं, ताजं, आणि किंचित बाहेरून दुसरं, जुनं, गडद. म्हणजे इथे आधी थोड्या मोठ्या टोप्या बरीच वर्षं बसलेल्या होत्या. प्लिमथच्या टोप्या नंतरच्या पाहुण्या.

राहिली ती कोरी टोपी. घरचे म्हणाले, ती कुठल्या तरी ट्रकची असेल. मी ती उपडी केली. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात हातानं लिहिलेला नंबर होता, ‘बीएमवाय’नं सुरू होणारा, आणि तो याच गाडीचा होता. टोप्या चोरीला जात म्हणून त्या काळचे मालक आतून नंबर लिहीत, ही फार चांगली सवय होती. पण मला जास्त आनंद झाला तो दुसऱ्या गोष्टीचा. प्रेसनं अक्षर उठवलं की त्याची खूण पत्र्याच्या दोन्ही बाजूंना राहते. पुढच्या बाजूला कुणीतरी जाड क्रोम चढवून घेतलं होतं, त्याच्या आधी बफिंग, खाली तांब्याचा थर. त्यात बारीक अक्षरं बुजून गेली होती. मागच्या बाजूला कुणी पॉलिश करत नाही. टॉर्च तिरपा धरला आणि आरशातल्यासारखी उलटी पाच अक्षरं दिसली: डॉज. चॅसीचा नंबर पुस्तकाशी ताडून बघितला, तो जुळला. आजी ओट्यावर बसून होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘ह्यांनी कधी दुसऱ्याची वस्तू घरात आणली नाही, मी सांगतच होते.’ गाडी अजून आंब्याखालीच आहे, पण वजनावर गेली नाही. नातू उरलेल्या तीन टोप्या शोधतोय.

तेव्हा पहिला नियम असा की टोपी नेहमी मागून वाचायची. पुढची बाजू दुकानदारासाठी असते. मागे काय काय सापडतं? बनवणाऱ्याचा शिक्का, भागाचा नंबर, कधी पेटंटचा नंबर. टोप्या बहुतेक वेळा मोटारकंपनी स्वतः बनवत नसे. डेट्रॉइटच्या ‘लायन’ नावाच्या कंपनीचा शिक्का अमेरिकन परातींच्या मागे पुष्कळदा दिसतो. म्हणजे गाडी लायन नावाची नव्हे, एवढं ध्यानात ठेवायचं. पेटंटच्या नंबराचा एक सोपा उपयोग आहे. अमेरिकेत वीस लाखावं पेटंट १९३५ साली दिलं गेलं आणि तीस लाखावं १९६१ साली. तेव्हा टोपीमागे वीस लाखांच्या पुढचा सात आकडी नंबर असेल, तर ती टोपी १९३५ च्या आधीची असूच शकत नाही. नंतरची मात्र कितीही असू शकते, कारण एकच नंबर वर्षानुवर्षं ठोकत राहतात. नंबर आधीची हद्द सांगतो, शेवटची नाही. नक्षीच्या पेटंटचे आकडे वेगळे आणि लहान असतात, ते या हिशेबात धरायचे नाहीत.

दुसरी गोष्ट धातूची. खिशात लोहचुंबक ठेवावा. पितळ आणि अॅल्युमिनियमला तो चिकटत नाही, क्रोम चढवलेल्या पोलादाला चिकटतो. स्टेनलेसच्या बाबतीत घाई करू नका. काही जातीचं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं, काही जातीचं नाही, त्यामुळे ‘चिकटलं म्हणजे स्टेनलेस नव्हे’ हे जे बाजारात सांगतात ते अर्धवट आहे. रंगावरूनही पुष्कळ कळतं. क्रोम निळसर दिसतं, निकेलला जरा पिवळट ऊब असते. क्रोमचा सर्रास वापर १९२० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला, त्याआधी निकेल. फोर्डची मॉडेल ए हे याचं छान उदाहरण आहे. तिच्या १९२८-२९ च्या टोप्या निकेलच्या, १९३०-३१ च्या स्टेनलेसच्या. तेव्हा १९२८ ची म्हणून मिरवणाऱ्या मॉडेल एवर निळसर चकाकणाऱ्या टोप्या दिसल्या तर त्या नंतर क्रोम करून घेतलेल्या आहेत, एवढं तरी म्हणता येतं. युद्धाचाही परिणाम चाकापर्यंत पोचतो. अमेरिकेत १९४२ साली गाड्यांवरच्या चकाकीवर बंदी आली आणि शोभेचे भाग रंगवून दिले गेले. कोरियन युद्धात निकेलची टंचाई झाली, तेव्हाचं क्रोम पातळ आहे आणि लवकर उडतं. १९५२ च्या गाडीची टोपी सोललेली असेल तर मालकाला हयगयीचा दोष देण्याआधी हे आठवावं.

तिसरी गोष्ट, टोपी धरून कशी राहते. छोटी वाटी असेल तर बहुधा चाकावरच स्प्रिंगच्या पट्ट्या किंवा उंचवटे असतात आणि वाटीची वळवलेली कड त्यांत अडकते. मोठ्या परातीला मात्र मागे स्वतःचेच दात असतात आणि ते रिमच्या कडेला चावतात. म्हणून रिमच्या कडेवर गोल ओरखडे दिसले तर गाडीला कधी तरी परात होती असं समजावं. टोपी काढताना कडेखाली फडकं घालून टॉमीनं हळूहळू सर्व बाजूंनी उचलावी आणि बसवताना तळहाताच्या फुगीर भागानं मारावी. हातोडी मारणाऱ्यांना मी माझ्याकडची टोपी बघायलाही देत नाही.

तारेच्या चाकांच्या इंग्रजी स्पोर्ट्स गाड्या, एम.जी., जॅग्वार वगैरे, यांची तऱ्हा निराळी. तिथे मधोमध दोन किंवा तीन कानांचा मोठा नट असतो आणि तोच चाक धरतो. याला कॅप समजून पुष्कळ लोक जोडी बदलतात, आणि ते धोक्याचं आहे. कारण डाव्या बाजूच्या नटाच्या आट्या सरळ आणि उजव्या बाजूच्या उलट्या असतात. नटावर सोडायची दिशा बाणानं दाखवलेली असते आणि बाजूही लिहिलेली असते. इंग्रज ‘नियर साइड’ म्हणतो ती फुटपाथची, म्हणजे आपली डावी. हा नट गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला सुटतो. ऐकायला उलटं वाटतं, पण तशा रचनेमुळेच तो चालत्या गाडीत घट्ट होत राहतो.

आता नकली टोप्यांविषयी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा चोर बाजारात जुन्या म्हणून मिळणाऱ्या सगळ्याच टोप्या जुन्या नसतात. नवी करून घेतली तर त्यात पापही नाही, जुनी मिळतच नसेल तर काय करणार! पण नवी म्हणून घ्यावी. ओळखायची कशी? कंपनीची टोपी प्रेसवर एका दणक्यात होते. चार टोप्यांसाठी कुणी लाखांची डाय बनवत नाही. कारागीर लेथवर लाकडी किंवा लोखंडी साचा फिरवतो आणि पत्रा त्यावर दांड्यानं दाबत दाबत आणतो. अशा टोपीच्या आत बारीक, एकात एक वर्तुळं दिसतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारखी. बोट फिरवलं तरी कळतं. पत्र्याची जाडीही वळणापाशी कमी झालेली असते. नाव बहुधा नंतर ठोकलेलं किंवा चिकटवलेलं. उलट प्रेसच्या टोपीत वर्तुळं नसतात, तर खोल ओढलेल्या भागात उभ्या, कडेकडे जाणाऱ्या पुसट रेघा असतात. ठाण्याच्या एका दुकानदारानं मला अशीच लेथवरची टोपी ‘इंग्लंडहून आली’ म्हणून दाखवली होती. कारागिरी इतकी सुबक होती की मी ती घेतली, मात्र इंग्लंडचं भाडं दिलं नाही.

सर्वांत जास्त घोटाळा आपल्या घरच्या गाडीत होतो, फियाटमध्ये. फियाट अकराशे आपल्याकडे १९५० च्या दशकात आली, पुढे तीच ‘डिलाइट’ झाली, १९७० च्या दशकात फियाटशी करार संपल्यावर आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग १९७४ पासून ‘पद्मिनी’. रिम मात्र सगळ्यांची चौदा इंचांची आणि चार बोल्टांची. त्यामुळे एका पिढीची टोपी दुसरीला बऱ्याचदा बसून जाते. पद्मिनीवर ‘फियाट’ अक्षरांची टोपी दिसली तर फसवणूक समजू नये. टॅक्सीवाल्यानं मिळाली ती घातली. पण १९५८ ची म्हणून दाखवलेल्या गाडीवर ‘प्रीमियर’ नावाची टोपी असेल तर ती नंतर आली यात वाद नाही. अँबेसिडरची रिम पंधरा इंची, त्यामुळे तिथे ही अदलाबदल होत नाही. हर्ल्ड तेराची. फोक्सवॅगन बीटलची टोपी १९६५ पर्यंत फुगीर, १९६६ च्या मॉडेलपासून चपटी. जुन्या मर्सिडीजची टोपी गाडीच्याच रंगात रंगवलेली असते, आणि टोपीचा रंग दाराच्या रंगाशी जुळला नाही तर दोघांपैकी एक बदललेलं आहे, हे लांबूनही कळतं.

पद्मिनीच्या टोप्यांकडे मात्र आत्ताच लक्ष द्यायला हवं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. जी वस्तू हजारोंनी असते तिची कुणी कदर करत नाही. डॉजच्या टोप्याही एके काळी मुंबईत कुणाला नको होत्या. पद्मिनीच्या टोप्या आज भंगारात किलोवर जातात, आणि कुठल्या वर्षी कुठली अक्षरं होती, कड कशी होती, याची सांगड घालायला कारखान्यात किंवा गॅरेजात काम केलेली माणसं अजून कुर्ल्यात आणि डोंबिवलीत आहेत. त्यांना विचारून टोपीच्या मागे चिठ्ठी चिकटवून ठेवायला खर्च काहीच नाही.

डोंबिवलीचं नाव घेतलं म्हणून एक शेवटची गोष्ट. प्रीमियरचा कारखाना कल्याण-डोंबिवलीकडेही होता आणि १९९४ नंतर तिकडे प्यूजो ३०९ ही फ्रेंच गाडी काही वर्षं बनली. तिच्या काळात पत्र्याच्या टोपीची जागा प्लास्टिकनं घेतली होती. प्लास्टिकच्या टोपीला जुनं कुणी म्हणत नाही, पण गाडीला आता तीस वर्षं होत आली. या टोप्या ओळखायला सोप्या असतात. आतल्या बाजूला बऱ्याचदा घड्याळासारखं एक लहान वर्तुळ उठवलेलं असतं. कडेनं एक ते बारा आकडे, मधे बाण आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना वर्षाचे दोन आकडे. बाण ज्या आकड्याकडे बघतो त्या महिन्यात ती टोपी साच्यातून बाहेर पडलेली असते.